ठिपक्याला ठिपका जुळला, पण टायमिंग जुळलं का? कॅमशाफ्ट मोजून बसवण्याची पद्धत

क्रँकच्या स्प्रॉकेटवरचा ठिपका वर, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या शाफ्टच्या) स्प्रॉकेटवरचा खाली, दोन्ही समोरासमोर आले. चेन चढली, टेन्शनर बसला, टायमिंग लागलं. इंजिन बांधायला शिकणाऱ्याला इथे हायसं वाटतं. गाडी रोजच्या वापराची असेल, सगळे भाग मूळचे असतील, तर एवढ्यावर भागतंही. पण हेडला फेसिंग केलंय (म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केलाय), कॅम बदललाय, उंच डोक्याचे पिस्टन घातलेत, अशा इंजिनात ठिपके जुळले याचा अर्थ दात चुकलेला नाही, इतकाच. कॅम नेमका किती अंशांवर उभा आहे हे ठिपका सांगत नाही. ते मोजावंच लागतं.

मी बांधलेलं दुसरं इंजिन मी ठिपक्यांच्या भरवशावर बंद केलं होतं. खालच्या आरपीएमला त्यात जीवच नव्हता. महिनाभर कार्ब्युरेटरचे जेट बदलले, इग्निशन पुढे-मागे केलं, काही फरक पडेना. शेवटी पुढचं कव्हर उघडून डिग्री व्हील (अंशांच्या खुणा असलेली चकती) लावलं, तर कॅम त्याच्यासोबत आलेल्या कार्डावरच्या आकड्यापेक्षा ५ अंश मागे निघाला. तो पुढे घेतला आणि तेच जेट, तेच प्लग असताना गाडी खालून ओढायला लागली. तेव्हापासून न मोजता एकही कॅम बंद केलेला नाही.

चूक येते कुठून

क्रँकमधली चावीची खाच, स्प्रॉकेटमधली खाच, कॅमच्या तोंडावरचं डॉवेल पिनचं भोक, खुद्द लोबची (कॅमवरच्या, व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्याची) घासाई, चेनची लांबी. यातल्या प्रत्येकाची चूक बारीक असते. काही वेळा त्या एकमेकींना खोडतात, काही वेळा सगळ्या एकाच बाजूला पडून साठतात.

कॅम हेडमध्ये असलेल्या इंजिनात फेसिंगची भर पडते. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो. ओढणाऱ्या बाजूला चेन किंवा बेल्ट तेवढा जास्तीचा उरतो आणि कॅम मागे पडतो. कॅमच्या पुलीचा व्यास १२० मिमी धरा आणि हेडवरून ०.५ मिमी घासलं असं समजा: क्रँकच्या हिशेबात साधारण १ अंश गेला. वापरून ताणलेली चेनही कॅमला मागेच ढकलते.

हे डोळ्यांना का दिसत नाही, तेही पाहा. कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८. एवढी मोठी चूक ठिपक्यांवरून लगेच कळते. ४-५ अंशांची चूक म्हणजे दाताचा पाव हिस्सा. ठिपके तेव्हाही जुळलेलेच दिसतात.

४ अंशांनी असं काय बिघडतं

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. म्हणून कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. पुढचे सगळे आकडे क्रँकच्या अंशांत आहेत. जिथे कॅमचे असतील तिथे तसं सांगितलंय. या दोघांची गल्लत नवशिक्याकडून हमखास होते.

कॅमसोबत एक कार्ड येतं. समजा त्यावर असं लिहिलंय: १.२७ मिमी लिफ्टला (उचलीला) इनटेक टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागेच्या) ९ अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली पोचल्यानंतर) ४१ अंशांनी बंद होतो. ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते, ९ अधिक १८० अधिक ४१, म्हणजे २३०. एक्झॉस्ट बीडीसीच्या ५२ अंश आधी उघडतो आणि टीडीसीनंतर ४ अंशांनी बंद होतो, ड्युरेशन २३६. इनटेकचा मध्य, म्हणजे उघडण्या-मिटण्याच्या मधोमधची जागा, टीडीसीनंतर १०६ अंशांवर. १.२७ मिमी हा आकडा विचित्र वाटेल, पण तो ०.०५० इंच आहे. काही कार्डांवर त्याऐवजी १ मिमीचे आकडे असतात. कार्ड जी लिफ्ट सांगेल तीच धरायची.

चार घटनांपैकी माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक पडतो तो इनटेक बंद होण्याच्या वेळेने. पिस्टन बीडीसीला पोचून परत वर निघाला तरी आत घुसणारी हवा थांबलेली नसते. तिला वेग असतो, त्या जोरावर ती आत येत राहते. ७,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ४२,००० अंश फिरतो. म्हणजे २३० अंशांचा इनटेक सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला तर साडेपाच भाग उघडा असतो, बस्स. एवढ्या थोड्या वेळात सिलिंडर भरायचा तर व्हॉल्व्ह जरा उशिरा मिटलेला बरा. पण २,००० आरपीएमला हवेला तेवढा वेग नसतो. व्हॉल्व्ह उशिरा मिटला तर वर येणारा पिस्टन भरलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांत) ढकलतो, सिलिंडरमधला दाब पडतो आणि इंजिन ढिलं वाटतं.

कॅम पुढे घेतला, म्हणजे ॲडव्हान्स केला, की इनटेक लवकर मिटतो आणि खालचा टॉर्क वाढतो. मागे नेला, म्हणजे रिटार्ड केला, की ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. एकच कॅम असलेल्या इंजिनात चारही घटना एकत्रच सरकतात, त्यामुळे एक सुधारताना दुसरी हलतेच. दोन कॅम असतील तर इनटेक आणि एक्झॉस्ट वेगवेगळे हलवता येतात. इनटेक पुढे आणि एक्झॉस्ट मागे नेला की दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. ओव्हरलॅपमुळे वरच्या आरपीएमला बाहेर जाणारा धूर नव्या हवेला आत ओढतो. खालच्या आरपीएमला मात्र तोच धूर इनटेकमध्ये शिरतो आणि आयडलिंग खडबडीत होतं.

कॅम चालत्या इंजिनात पुढे-मागे करण्याची सोय अल्फा रोमिओने १९८० साली स्पायडर गाडीत दिली, ती याच ओढाताणीवर उत्तर म्हणून. तुमच्या इंजिनात अशी सोय असेल तर मोजताना फेझर (कॅम पुढे-मागे करणारा भाग) पिनने त्याच्या मूळ जागी लॉक झालाय ना, हे बघा. तो हलत असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

काय लागेल

डिग्री व्हील, जमेल तितकं मोठं. लहान चकतीवर अर्धा अंश वाचता येत नाही. जाड, ताठ तारेचा पॉइंटर. ०.०१ मिमीचं डायल गेज आणि मजबूत मॅग्नेटिक स्टँड. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात बसणारा स्टॉप, किंवा हेड काढलेलं असेल तर ब्लॉकवर आडवी बसणारी पट्टी. हायड्रॉलिक टॅपेट (लोबवर टेकून त्याची उचल पुढे देणारे भाग) असतील तर मोजण्यापुरता एक सॉलिड टॅपेट आणि हलक्या स्प्रिंगा. क्रँक फिरवायला लांब दांड्याचा पाना.

सगळे प्लग काढून ठेवा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. आणि स्टार्टरला हात लावू नका. यातलं प्रत्येक काम हाताने फिरवूनच करायचं आहे. कुठे काही अडलं तर हाताला कळतं, स्टार्टरला कळत नाही.

पहिलं काम: खरं टीडीसी

इथे घाई केली तर पुढचे सगळे आकडे तितकेच चुकतात. डायल गेज पिस्टनवर टेकवून, काटा सर्वांत वर थांबला की तेच टीडीसी, असं बरेच जण धरतात. अडचण अशी की टीडीसीजवळ पिस्टन जवळपास हलतच नाही. ८६ मिमी स्ट्रोक आणि १४३ मिमी लांबीचा कनेक्टिंग रॉड घेऊन हिशेब केला, तर टीडीसीपासून २ अंश पुढे गेल्यावर पिस्टन जेमतेम ०.०३ मिमी खाली येतो. काटा तिथे स्थिरच वाटतो, आणि तुम्ही २ अंशांनी चुकलेले असता.

म्हणून पिस्टनला वर पोचूच द्यायचं नाही. एक नंबरचा पिस्टन अंदाजाने वर आणा, व्हील क्रँकच्या तोंडावर बसवून पॉइंटर शून्यावर ठेवा. पिस्टन थोडा खाली घ्या आणि स्टॉप बसवा. हेड बसलेलं असेल तर त्या सिलिंडरचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे आखूड दांडे) ढिले करा. कॅम थेट टॅपेटवर बसत असेल तर त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले असताना, म्हणजे कम्प्रेशनच्या टीडीसीजवळच, हे काम करा. स्टॉपच्या टोकाला व्हॉल्व्ह लागता कामा नये.

आता क्रँक हळूच एका दिशेने फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की थांबा, जोर लावू नका, आकडा लिहा. मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा. समजा एकीकडे ३१ आले आणि दुसरीकडे ३७. बेरीज ६८, निम्मे ३४. पॉइंटर ३ अंश सरकवा, म्हणजे दोन्ही बाजूंना ३४ वाचलं जाईल. पुन्हा दोन्हीकडून टेकवून खात्री करा. स्टॉप काढल्यावर व्हीलचा शून्य हेच तुमचं खरं टीडीसी.

यानंतर व्हील किंवा पॉइंटर क्रँकवर एक केसभरही सरकायला नको. व्हील ज्या बोल्टने धरलंय त्याच बोल्टवर पाना लावून क्रँक फिरवला तर व्हील घसरण्याची भीती असते. शक्य असेल तर फ्लायव्हीलकडून फिरवा. शंका आली तर स्टॉप परत लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं काम: डायल गेज लावणं

कार्डावरचे आकडे टॅपेटच्या लिफ्टचे आहेत की व्हॉल्व्हच्या, हे आधी वाचा. पुशरॉडच्या इंजिनात ते बहुधा टॅपेटचे असतात. रॉकर लिफ्ट वाढवून देतो, त्यामुळे व्हॉल्व्हवरची १.२७ मिमी आणि टॅपेटवरची १.२७ मिमी एकाच अंशाला येत नाहीत. कॅम थेट बकेटवर (वाटीसारख्या टॅपेटवर) दाबत असेल तर टॅपेट क्लिअरन्स धरून आकडा दिलाय की शून्य क्लिअरन्सला, तेही पाहावं लागतं.

गेजची दांडी टॅपेट ज्या रेषेत हलतो त्याच रेषेत हवी. तिरकी असेल तर वाचन चुकतं. कॅम एकदा पूर्ण फिरवून काटा दर फेरीला परत शून्यावर येतो का ते बघा. येत नसेल तर स्टँड हलतोय. हायड्रॉलिक टॅपेट तसाच ठेवून मोजू नका, तो दाबाखाली बसतो आणि आकडे सरकतात.

तिसरं काम: इनटेकचा मध्य

लोबचं नाकही (त्याचं सर्वांत उंच टोक) टीडीसीसारखंच आहे, तिथे काटा काही अंश स्थिर राहतो. म्हणून इथेही दोन बाजूंनी मोजून मध्य काढायचा. सर्वांत जास्त लिफ्टला गेज शून्य करा. क्रँक मागे घ्या, काटा नाकापासून १.२७ मिमीपेक्षा बराच खाली जाऊ द्या, मग इंजिन चालताना फिरतं त्या दिशेने पुढे येत नाकाच्या १.२७ मिमी आधी थांबा. व्हील वाचा. तसेच पुढे जात नाक ओलांडा आणि दुसऱ्या बाजूला १.२७ मिमी उतरल्यावर पुन्हा वाचा.

समजा टीडीसीनंतर ८० आणि १४० आले. बेरीज २२०, निम्मे ११०. कार्ड म्हणतं १०६. आकडा मोठा आला, म्हणजे कॅम ४ अंश मागे आहे. लहान आला असता तर पुढे.

वाचन नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने येताना घ्यायचं. थोडं पुढे गेलात तर नुसतं मागे येऊन आकडा वाचू नका. ३०-४० अंश मागे जा आणि परत पुढे या. उलट फिरवताना चेनची ढील दुसऱ्या बाजूला जाते आणि कॅम खोटी जागा दाखवतो. एकाच जागी तीनदा मोजा. तिन्ही वेळा अर्ध्या-पाऊण अंशात आकडा आला नाही तर कॅमला दोष देण्याआधी स्टँड, पॉइंटर आणि टेन्शनर तपासा.

चौथं काम: उघडणं आणि मिटणं

मध्य जुळला की बरेच जण थांबतात. मी थांबत नाही, कारण लोबच्या दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. अनेक कॅममध्ये मिटण्याची बाजू मुद्दाम संथ ठेवतात, म्हणजे व्हॉल्व्ह आपटत नाही. अशा लोबवर दोन बाजूंच्या सरासरीतून निघालेला मध्य आणि खरं नाक एका जागी नसतं.

टॅपेट लोबच्या गोल भागावर असताना गेज शून्य करा. चढताना १.२७ मिमीला वाचा, उतरताना १.२७ मिमीला वाचा. कार्ड ९ आणि ४१ म्हणत असेल आणि तुम्हाला ५ आणि ४५ मिळाले, तर दोन्ही घटना ४ अंश उशिरा आहेत. लोब बरोबर, नुसती जागा चुकलीय. पण ५ आणि ४१ मिळाले तर ड्युरेशन २२६ झालं. हा जागेचा प्रश्न नाही. एकतर मोजण्यात चूक आहे, नाहीतर डब्यात कार्डाशी न जुळणारा कॅम आलाय. तो कितीही सरकवून दुरुस्त होणार नाही.

एक्झॉस्टही याच रीतीने मोजा. या कार्डात त्याचा मध्य टीडीसीच्या ११४ अंश आधी येतो. १०६ आणि ११४ यांची बेरीज निम्मी केली की ११०. हा दोन लोबमधला कोन, कॅमच्या अंशांत. एकाच शाफ्टवर दोन्ही लोब असतील तर तो घासतानाच कायमचा ठरतो.

पाचवं काम: सरकवणं

खाचांची ॲडजस्टेबल पुली, एकाहून जास्त खाचा असलेलं क्रँकचं स्प्रॉकेट, आडवी पायरी असलेली चावी किंवा डॉवेलवरची बुश, यांपैकी जे तुमच्या इंजिनला मिळतं ते वापरा. पुलीवरच्या रेघा कॅमच्या अंशांत आहेत की क्रँकच्या, हे बनवणाऱ्याच्या कागदावर बघा. ४ अंश पुढे घ्यायचेत आणि रेघा कॅमच्या असतील तर दोनच रेघा सरकवायच्या. कागद नसेल तर एक रेघ सरकवून मोजा, उत्तर लगेच मिळतं. पुढे घेणं म्हणजे कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने त्याला क्रँकच्या तुलनेत आणखी फिरवणं.

सुरुवात कार्डावरच्या आकड्यापासूनच करा. दुसऱ्याच्या इंजिनात १०४ ला उत्तम चाललं म्हणून तुमच्यात चालेल असं नाही. त्याचं कम्प्रेशन, हेडर (एक्झॉस्टचे पाइप), इनटेकची लांबी वेगळी असते. डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) २-२ अंशांनी पुढे-मागे करून ग्राफ बघायला मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. पण त्यासाठी आधी आपण कुठे उभे आहोत हे माहीत हवं.

सहावं काम: पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा

हे टाळून इंजिन चालू केलेलं मला अजिबात पटत नाही, मग कॅम कितीही साधा असो. कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, मागे नेला की एक्झॉस्ट. ४ अंशांनी ही जागा ०.४ मिमीच्या आसपासही सहज घटू शकते. म्हणून अंतिम टायमिंग लावल्यावरच मोजायचं, आधी मोजलेलं धरायचं नाही.

इनटेक सर्वांत जवळ येतो टीडीसीनंतर साधारण १० ते १५ अंशांवर, एक्झॉस्ट तेवढाच टीडीसीच्या आधी. हलक्या स्प्रिंगा आणि सॉलिड टॅपेट लावा, रॉकर किंवा शिम कामाच्या क्लिअरन्सला ठेवा. टीडीसीच्या आधी २० पासून नंतर २० पर्यंत दर ५ अंशांना थांबा, व्हॉल्व्ह हाताने पिस्टनला टेकेपर्यंत दाबा आणि तो किती गेला ते गेजवर वाचा. सर्वांत लहान आकडा हीच तुमची खरी जागा. स्टीलचे रॉड असलेल्या इंजिनात इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हा सर्वसाधारण नियम आहे. पिस्टन किंवा कॅम बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

एक्झॉस्टला जास्त का? इनटेक उघडत असतो तेव्हा पिस्टन त्याच्यापासून खाली पळत असतो. एक्झॉस्ट मिटत असताना पिस्टन त्याच्या मागे वर येत असतो. वरच्या आरपीएमला स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह जरा मागे राहिला, किंवा रॉड किंचित ताणला, तर पिस्टन त्याला गाठतो. शिवाय तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त लांबतो.

दुसरी पद्धत प्लॅस्टिसिनची. पिस्टनवरच्या खळग्यांत मातीचा थर लावून वरून तेलाचं बोट फिरवा, वापरलेलं दबलेलं गॅस्केट घालून हेड कसा, क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. हेड काढून माती पात्याने कापा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियरने मोजा. यातून आणखी एक गोष्ट दिसते जी गेज दाखवत नाही: व्हॉल्व्हच्या कडेला खळग्याची भिंत लागतेय का. मोठे व्हॉल्व्ह घातले असतील तर ही पद्धत जरूर करा. दोन कॅमच्या इंजिनात ओव्हरलॅपच्या वेळी इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना भिडत नाहीत ना, तेही बघून घ्या.

शेवटी बंद करताना

पुलीचे बोल्ट थ्रेडलॉक लावून, सांगितलेल्या टॉर्कला कसा. बोल्ट कसताना पुली थोडी सरकते, हे अनेकदा होतं. म्हणून क्रँक दोन फेऱ्या फिरवा, टेन्शनर बसू द्या आणि इनटेकचा मध्य पुन्हा मोजा. फिरवताना कुठेही कडक अडलं तर तिथेच थांबा, दांड्याला जोर देऊन पुढे नेऊ नका.

आकडे कागदावर लिहा: इनटेकचा मध्य, एक्झॉस्टचा मध्य, दोन्हीकडची सर्वांत कमी जागा, चेन नवी की जुनी, हेड किती घासलं. इंजिन चालू होऊन गरम झालं की सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून तेही त्याच कागदावर टिपा. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते. पुढे कधी कव्हर उघडलंत तर मध्य परत मोजा. कागदावरच्या आकड्यापेक्षा कॅम २ अंश मागे गेलेला दिसला तर आधी चेन आणि टेन्शनर तपासा, मग पुली हलवा.